जखमेचे मर्म जाणणारा शल्यविशारद : जोसेफ लिस्टर

शस्त्रक्रिया म्हटली की आज आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, त्यात स्वच्छतेला पहिले स्थान असते. वाफेवर तापवून घेतलेली हत्यारे, कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेले हात, रबरी हातमोजे, तोंडावरची पट्टी, धुतलेले झगे हे सारे इतके परिचयाचे झाले आहे की, कोणे एके काळी यांतले काहीच नव्हते यावर सहसा विश्वास बसत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील नामांकित रुग्णालयांतही शल्यविशारद ठेवणीतला एखादा जुना कोट चढवून शस्त्रक्रियेला उभे राहत. रक्तामुळे आणि पुवामुळे तो कोट कडक झालेला असे. आणि तो जितका कडक, तितका त्याचा धनी अनुभवी, असे मानले जाई. एकाच स्पंजाने एकामागून एक रुग्णांच्या जखमा पुसल्या जात. शवविच्छेदन आटोपून आलेले हात शस्त्रक्रियेनंतर धुतले जात, आधी धुण्याचे कारण कोणाला दिसत नसे. हे लोक निष्काळजी होते किंवा निर्दय होते असे नाही. आपण रुग्णाला वाचवीत आहोत अशीच त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. त्यांच्याच हातांवरून मृत्यू रुग्णाच्या देहात शिरत आहे, हे त्यांना पटवून देण्याचे अवघड काम ज्या पुरुषाने केले, त्याचे नाव जोसेफ लिस्टर.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडननजीकच्या अप्टन या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधी राहणी, मितभाषण आणि आपल्या अंतःकरणाला जे सत्य वाटेल त्याच्याशी एकनिष्ठ राहणे ही त्या पंथाची शिकवण. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर हे मद्याचे घाऊक व्यापारी होते; पण त्यांचे खरे मन रमे ते भिंगांत. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून पाहताना वस्तूच्या कडांना रंगीत झालर दिसे आणि प्रतिमा अस्पष्ट होई. हा दोष दूर करण्याची रीत त्यांनी शोधून काढली, आणि कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसताना १८३२ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. डोळ्यांना न दिसणारे जग पाहण्याची दीक्षा जोसेफला अशी घरातच मिळाली. पुढे आयुष्यभर ज्या शत्रूशी त्यांना झुंजायचे होते, तो शत्रू त्याच जगाचा रहिवासी होता.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची पदवी त्या काळी क्वेकरांना मिळत नसे. म्हणून लिस्टर यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश घेतला. २१ डिसेंबर १८४६ रोजी त्या कॉलेजाच्या रुग्णालयात रॉबर्ट लिस्टन या निष्णात शल्यविशारदाने ईथरची भूल देऊन एका रुग्णाचा पाय कापला. त्या प्रसंगी प्रेक्षकांत तरुण लिस्टरही होते, असे सांगितले जाते. वेदनेवर मनुष्याने मिळवलेला तो मोठाच विजय होता. पण या विजयाला एक विपरीत फळ आले. पूर्वी रुग्णाच्या किंकाळ्यांमुळे शस्त्रक्रिया मोजक्याच होत आणि काही क्षणांत उरकल्या जात. आता रुग्ण निपचित पडून राहू लागल्यावर शस्त्रक्रियांची संख्या वाढली, त्या अधिक वेळ चालू लागल्या, अधिक खोल जाऊ लागल्या. आणि त्यानंतर जखमा सडून मरणाऱ्यांची संख्याही वाढत गेली. वेदना गेली, मृत्यू मात्र तेथेच राहिला.

१८४७ साली लिस्टर पदवीधर झाले. त्याच सुमारास देवीचा आजार आणि पाठोपाठ आलेले मानसिक खचलेपण यांमुळे त्यांना काही काळ अभ्यास सोडावा लागला. त्यातून सावरून १८५२ साली त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली. रुग्णालयात उमेदवारी करीत असतानाच सडलेल्या जखमांवरील स्राव सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. या सडण्याच्या मुळाशी एखादा परजीवी असावा, अशी शंका तेव्हाच त्यांच्या मनात डोकावून गेली. पण तिला पुराव्याचा आधार नव्हता, आणि आधारावाचून बोलणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

१८५३ साली एडिंबरा येथील विख्यात शल्यविशारद जेम्स साइम यांचे काम पाहण्यासाठी ते थोड्या दिवसांच्या बेताने तिकडे गेले, आणि तेथेच रमले. साइम यांनी या अबोल तरुणाचे गुण ओळखले. लिस्टर त्यांचे साहाय्यक झाले आणि एप्रिल १८५६ मध्ये जावईही झाले. साइम यांची कन्या ॲग्नेस क्वेकर पंथाची नव्हती. पंथाबाहेर विवाह करायचा तर पंथ सोडणे भाग होते. लिस्टर यांनी तो शांतपणे सोडला. हे दांपत्य निपुत्रिक राहिले, परंतु त्यांचा संसार अभ्यासाचा होता. लिस्टर यांच्या प्रयोगांच्या टिपणवह्यांतील पानेच्या पाने ॲग्नेस यांच्या हस्ताक्षरात आहेत. पती बेडकाच्या पायाच्या पातळ पडद्यातून वाहणारे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बोलत असावा आणि पत्नीने रात्री उशिरापर्यंत ते उतरून घ्यावे, असा क्रम त्या घरात वर्षानुवर्षे चालला.

१८६० साली ग्लासगो विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणून लिस्टर यांची नेमणूक झाली आणि पुढच्या वर्षी तेथील रॉयल इन्फर्मरीतील शल्यविभागाचे काही कक्ष त्यांच्याकडे आले. इमारत नवी कोरी होती. नव्या इमारतीत तरी रुग्णालयातील साथी आटोक्यात येतील अशी चालकांची अपेक्षा होती; ती फोल ठरली. धावरे, कोथ, रक्तात पू भिनणे अशा नाना रूपांनी मृत्यू त्या कक्षांतून फिरत राहिला. १८४९ सालच्या पटकीच्या साथीत दगावलेल्यांच्या शवपेट्या इमारतीच्या भिंतीलगतच जमिनीत थरांवर थर पुरलेल्या होत्या, हे पुढे उघडकीस आले. रुग्णालयातील दूषित हवाच जखमा नासवते, असे बहुतेक वैद्यांचे मत होते. जखमेत पू होणे ही तर बरे होण्याची पायरीच मानली जाई. हवा बदलणे माणसाच्या हाती नसल्यामुळे मृत्यूचा दोषही कोणाच्या माथी येत नसे. १८६४ ते १८६६ या काळात लिस्टर यांच्या कक्षांत अवयवच्छेदाच्या ३५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील १६ रुग्ण दगावले. शस्त्रक्रिया करणारा हात निष्णात होता, तरीही जवळजवळ निम्मे रुग्ण परत घरी गेले नाहीत. लिस्टर यांनी हे आकडे लपवले नाहीत आणि विसरलेही नाहीत.

एक साधी गोष्ट त्यांना सतत सलत होती. हाड मोडले, पण वरची कातडी शाबूत राहिली, तर ते हाड पू न होता सांधते. तेच हाड कातडी फाडून बाहेर आले तर मात्र जखम सडते आणि बहुधा पाय तरी जातो किंवा प्राण तरी. दोन्ही ठिकाणी मोडलेले हाड सारखेच, रुग्णालयही तेच आणि रुग्ण श्वासावाटे घेतो ती हवाही तीच. फरक एवढाच की एका ठिकाणी कातडीचे दार बंद आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते उघडे आहे. मग त्या उघड्या दारातून आत शिरते तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेच्या ग्रंथांत नव्हते. ते मिळाले रसायनशास्त्रावरील लेखांत. १८६५ साली ग्लासगो येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस अँडरसन यांनी लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या संशोधनाकडे लिस्टर यांचे लक्ष वेधले. मद्य आंबणे, दूध नासणे, मांस कुजणे या क्रिया हवेमुळे होत नसून हवेतल्या धुळीबरोबर येणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे होतात, असे पाश्चर यांनी प्रयोगांनी दाखवले होते. शल्यविशारदांपैकी फार थोड्यांनी ते लेख वाचले होते, आणि वाचलेल्यांनाही मद्याच्या पिपाचा आपल्या रुग्णाशी काही संबंध आहे असे वाटले नव्हते. लिस्टर यांनी ते वाचले, ते प्रयोग स्वतः करून पाहिले आणि एक धागा जोडला. मांस कुजते ते ज्यामुळे, जखमही सडते ती त्याचमुळे.

सूक्ष्म जीवांना दूर ठेवण्याचे तीन मार्ग पाश्चर यांच्या संशोधनातून पुढे आले होते : उष्णता देणे, गाळून घेणे आणि रसायनांचा उपयोग करणे. माणसाची जखम उकळता येत नाही आणि गाळताही येत नाही. तेव्हा तिसराच मार्ग उरला. कार्लाइल या शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बॉलिक आम्ल वापरले जाते आणि ते सांडपाणी ज्या कुरणांत सोडतात तेथे चरणाऱ्या गुरांचा परजीवींपासून होणारा आजारही थांबला आहे, हे लिस्टर यांच्या वाचनात आले होते. शहराच्या गटारावर केलेला उपाय माणसाच्या जखमेवर करून पाहण्याचे त्यांनी ठरवले. पहिला प्रयत्न फसला. दुसरी संधी १२ ऑगस्ट १८६५ रोजी आली.

त्या दिवशी जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा रुग्णालयात आणला गेला. गाडीचे चाक पायावरून गेल्यामुळे त्याच्या डाव्या पायाचे हाड मोडून जखम उघडी पडली होती. अशा जखमेत पाय कापून टाकणे हाच सुरक्षित उपाय समजला जाई. लिस्टर यांनी जखमेवर कार्बॉलिक आम्लात भिजवलेला कपडा ठेवला, पाय फळ्यांत बांधला आणि चार दिवस वाट पाहिली. चार दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा जखमेला दुर्गंधी नव्हती आणि पू नव्हता. सहा आठवड्यांनी हाड सांधले आणि तो मुलगा आपल्या दोन्ही पायांनी चालत घरी गेला.

काळाचा एक विलक्षण योगायोग येथे नोंदवला पाहिजे. ग्लासगोत त्या मुलाच्या पायावर पट्टी बांधली गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, व्हिएन्नाजवळच्या एका वेड्यांच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस यांचे निधन झाले. बाळंतिणींना तपासण्यापूर्वी डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतले तर सूतिकाज्वराचे मृत्यू थांबतात, हे त्यांनी १८४७ सालीच दाखवून दिले होते. पण मृत्यूला डॉक्टरांचे हातच कारणीभूत आहेत हा त्यांचा निष्कर्ष त्यांच्या व्यवसायबंधूंना झोंबला. उपहासाने आणि कडवटपणाने खचलेले सेमेलवाइस अखेर जखमेच्या विषारानेच गेले. लिस्टर यांना त्या वेळी त्यांचे नावही ठाऊक नव्हते. परंतु एकाच्या हातून निसटलेले कार्य दुसऱ्याने, अजाणता, एका दिवसाच्या अंतराने हाती घेतले.

दीड वर्षात अशा अकरा रुग्णांचा अनुभव गाठीशी आल्यावर लिस्टर यांनी १८६७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो क्रमशः प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये डब्लिन येथे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत त्यांनी आपले तत्त्व मांडले. त्यापूर्वी जून महिन्यात त्यांच्या घरातच एका कसोटीचा प्रसंग आला होता. त्यांची बहीण इझाबेला हिला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया करणे म्हणजे तिला मृत्यूच्या स्वाधीन करणे, असे इतर जाणत्यांचे मत पडले. लिस्टर यांनी शवावर शस्त्रक्रियेचा सराव केला, एडिंबरा येथे जाऊन सासऱ्यांचा सल्ला घेतला आणि ग्लासगोतील आपल्या राहत्या घरी बहिणीवर स्वतः शस्त्रक्रिया केली. स्वतःच्या सिद्धान्तावर माणसाचा किती विश्वास आहे हे पाहण्यासाठी याहून कठोर परीक्षा असू शकत नाही. जखम पू न होता भरून आली. रोग पुढे उलटला, परंतु इझाबेला आणखी सुमारे तीन वर्षे जगली.

१८६७ ते १८६९ या पुढील तीन वर्षांत लिस्टर यांच्या कक्षांत अवयवच्छेदाच्या ४० शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत दगावले ६. कक्ष तेच, भिंतीपलीकडच्या शवपेट्या त्याच, शल्यविशारदही तोच. बदलले होते ते फक्त जखमेविषयीचे ज्ञान.

असे असूनही त्यांचे म्हणणे लगेच मान्य झाले नाही. भुलीसाठी क्लोरोफॉर्मचा उपयोग रूढ करणारे जेम्स यंग सिम्प्सन यांच्यासारखे मातबर विरोधक उभे राहिले. कार्बॉलिक आम्ल फ्रान्समध्ये लमेर यांनी आधीच वापरले होते, मग यात नवे ते काय, असा त्यांचा आक्षेप होता. लिस्टर यांचे उत्तर सरळ होते. आपण औषध शोधल्याचा दावा केलेलाच नाही. जखमेत जंतू शिरू न देण्याचे तत्त्व हे आपले म्हणणे आहे, औषध कोणतेही असो. परंतु हाच भेद अनेकांच्या ध्यानात येत नव्हता. कोणी जखमेवर थोडे कार्बॉलिक शिंपडत, मग त्याच जखमेत न धुतलेले बोट घालून पाहत, आणि उपाय निरुपयोगी असल्याचा निर्वाळा देत. कित्येकांना तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची कल्पनाच हास्यास्पद वाटे. मात्र या साऱ्यांच्या मुळाशी न बोललेली एक वेदना होती. लिस्टर यांचे खरे मानायचे, तर आजवर आपल्या हातून गेलेल्या रुग्णांचे मृत्यू आपल्याच पदरी घ्यावे लागत होते. एवढे मोठे ओझे उचलण्याचे धैर्य सर्वांनाच असते असे नाही. लिस्टर यांनी मात्र त्या पस्तिसांतील सोळा आपले म्हणून मान्य केले होते. त्या कबुलीतूनच त्यांच्या संशोधनाला बळ मिळाले.

१८६९ साली साइम यांच्या जागी लिस्टर एडिंबरा येथे परतले. तेथील आठ वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत भरघोस ठरली. शेकडो विद्यार्थी त्यांची व्याख्याने ऐकत. रक्तवाहिनी बांधण्यासाठी त्या काळी रेशमाचा धागा वापरीत आणि त्याची लांब टोके जखमेबाहेर लोंबत ठेवीत; ती सडून ओढून काढताना रक्तस्राव होऊन रुग्ण दगावत असे. मेंढीच्या आतड्यापासून केलेली तात जंतुनाशकात मुरवून लिस्टर यांनी तिचा धागा वापरला. तो शरीरातच जिरून जाई, त्यामुळे जखम मिटवून टाकता येऊ लागली. १८७१ साली बालमोरल येथे व्हिक्टोरिया राणीच्या काखेतील गळू त्यांनी कापले आणि पू वाहून जावा म्हणून त्यात रबरी नळीचा तुकडा बसवला.

परंतु त्यांच्या हाताचे मोल राजवाड्यापेक्षा सार्वजनिक रुग्णालयाच्या खाटांवर अधिक प्रत्ययाला आले. १८७३ साली विल्यम अर्नेस्ट हेन्ली नावाचा चोवीस वर्षांचा तरुण एडिंबरा येथे त्यांच्याकडे आला. हाडांच्या क्षयामुळे त्याचा एक पाय आधीच कापावा लागला होता आणि दुसराही कापावा लागेल असे त्याला सांगण्यात आले होते. लिस्टर यांनी सुमारे वीस महिने उपचार करून तो पाय वाचवला. त्या खाटेवर पडल्या पडल्या हेन्ली यांनी कविता लिहिल्या. त्यांची ‘इन्व्हिक्टस’ ही जगप्रसिद्ध कविता याच काळातली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची आणि त्यांची मैत्रीही तेथेच जुळली, आणि ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीतील एका पायाच्या सिल्व्हरचे पात्र हेन्लींवरून सुचले. ग्रंथालयाच्या कपाटातून ही पुस्तके हाती घेणाऱ्या वाचकाला सहसा जाणवत नाही, की त्यांच्यामागे एका शल्यविशारदाची धुतलेली बोटेही आहेत.

घरच्या मंडळींपेक्षा परक्यांनी लिस्टर यांना लवकर ओळखले. जर्मनीत हालेचे फोल्कमान, म्युनिकचे नुसबाउम, लाइपझिगचे टीर्श अशा शल्यविशारदांनी ही पद्धत काटेकोरपणे पाळली आणि कोथाने ग्रासलेले त्यांचे कक्ष पालटून गेले. १८७५ साली लिस्टर जर्मनीत गेले तेव्हा गावोगाव त्यांचे विजयी वीरासारखे स्वागत झाले. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील परिषदेत त्यांनी आपला विषय मांडला. तेथे मात्र बहुतेकांनी तो कानाआड केला. या उपेक्षेची किंमत पाचच वर्षांनी कळून आली. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शोधण्यासाठी एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि हत्यारे त्यांच्या जखमेत घातली. जखम पुवाने भरली आणि १९ सप्टेंबर रोजी अध्यक्षांचा अंत झाला.

१८७७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजचे निमंत्रण लिस्टर यांनी स्वीकारले. एडिंबरा येथील मान आणि विद्यार्थी सोडून जाण्याचे कारण एकच, राजधानीचे मत पालटल्याशिवाय देशाचे मत पालटणार नाही. लंडनने त्यांचे स्वागत थंडपणे केले. व्याख्यानाला विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके येत, कारण परीक्षकांना जंतूंवर विश्वास नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी गुडघ्याची फुटलेली वाटी सांधा उघडून चांदीच्या तारेने जोडली. शाबूत कातडी कापून गुडघ्याचा सांधा उघडणे म्हणजे रुग्णाचा पाय आणि प्राण दोन्ही पणाला लावणे, असे तेव्हाचे शास्त्र सांगे. रुग्ण दगावला तर या गृहस्थांवर खटला भरला पाहिजे, असेही कोणी बोलून गेले. रुग्ण बरा होऊन चालू लागला, आणि हळूहळू लंडनही बदलले.

लिस्टर यांच्या थोरवीचे आणखी एक अंग पुढील काळात दिसून आले. हवेतील जंतू मारण्यासाठी १८७१ पासून ते कार्बॉलिक आम्लाचा फवारा वापरीत. त्या धुक्याने शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे हात पांढरे आणि बधिर होत, डोळे चुरचुरत. पुढे रॉबर्ट कॉख प्रभृतींच्या संशोधनामुळे असे आढळले की खरा धोका हवेपेक्षा हात, हत्यारे आणि कपडे यांच्यापासून असतो. लिस्टर यांनी फवारा टाकून दिला, आणि १८९० साली बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत, आपण त्याचा कधी पुरस्कार केला होता याची लाज वाटते, अशी जाहीर कबुली दिली. ज्या साधनाने आपले नाव जगभर झाले ते चुकीचे होते हे भर सभेत सांगणारा विद्वान विरळा. तत्त्व त्यांनी कधी सोडले नाही, पण साधनांचा हट्टही कधी धरला नाही.

ते निर्दोष होते असे मात्र नव्हे. हातमोजे, तोंडावरची पट्टी, वाफेने निर्जंतुक केलेले झगे हे सारे त्यांच्यानंतरच्या पिढीचे. स्वतः लिस्टर बाह्या वर सारून आणि कमरेला पंचा लावून शस्त्रक्रिया करीत. जंतू आत शिरल्यावर मारण्याऐवजी ते येऊच द्यायचे नाहीत, ही निर्जंतुक पद्धती बेर्गमान आणि अमेरिकेतील हॉलस्टेड यांच्यासारख्यांनी पूर्णत्वाला नेली. आणखी एक उणीव अधिक बोचणारी आहे. ज्यांच्या टिपणांवर स्वतःच्या पत्नीचे अक्षर होते, त्या लिस्टर यांचा स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाला विरोध होता. त्यांना १८७६ साली उपेक्षा सोसावी लागली त्याच फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. काळाने लिस्टर यांच्या या एका मताला असे परस्पर उत्तर दिले.

उतारवयात मानसन्मान आपण होऊन चालत आले. १८८३ साली बॅरोनेट हा किताब, १८९५ ते १९०० या काळात रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, १८९७ साली लॉर्ड ही पदवी, १९०२ साली नव्यानेच स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ मेरिट’मध्ये पहिल्या बारा जणांत स्थान. पण त्यांना सर्वांत मोलाचा वाटावा असा क्षण २७ डिसेंबर १८९२ रोजी पॅरिसमध्ये आला. पाश्चर यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा सोहळा होता. लिस्टर यांनी त्यांच्या ऋणाचा उच्चार केला, तेव्हा आजाराने जर्जर झालेले पाश्चर उठले आणि सर्वांसमक्ष त्यांनी लिस्टर यांना मिठी मारली. एकाने पाहिले आणि दुसऱ्याने ते माणसाच्या कामी आणले. दोघांच्या भेटीने ते वर्तुळ पूर्ण झाले.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १८९३ मध्ये, इटलीत प्रवासात असताना ॲग्नेस न्यूमोनियाने गेल्या. सदतीस वर्षांची लेखनिक, साहाय्यक आणि सोबती हरपल्यावर लिस्टर यांचे कामातले मन उडाले. तरीही १९०२ साली सातव्या एडवर्ड यांच्या नियोजित राज्याभिषेकाच्या दोनच दिवस आधी आंत्रपुच्छाचा विकार बळावला, तेव्हा सल्ल्यासाठी वृद्ध लिस्टर यांनाच बोलावण्यात आले. शस्त्रक्रिया फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी केली आणि राजा बचावला. पन्नास वर्षांपूर्वी पोट उघडणे म्हणजे बहुधा मृत्यूच समजला जाई.

१० फेब्रुवारी १९१२ रोजी इंग्लंडच्या समुद्रकाठच्या वॉल्मर या गावी लिस्टर यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबे या राष्ट्रीय मंदिरात त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. पण तेथे चिरविश्रांती घेण्याचा मान त्यांच्या इच्छेनुसार बाजूला ठेवण्यात आला आणि हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत ॲग्नेस यांच्या शेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली.

लंडनमध्ये त्यांचे स्मारक आहे, त्यांच्या नावाची संशोधनसंस्था आहे, जंतूंच्या एका प्रजातीलाही ‘लिस्टेरिया’ असे नाव दिले गेले आहे. ग्लासगोतील ज्या इमारतीत अकरा वर्षांच्या मुलाचा पाय वाचला, ती मात्र १९२०च्या दशकात पाडली गेली. तिची उणीव फारशी भासत नाही, कारण जगातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात लिस्टर यांचा तो कक्ष पुन्हा उभा राहतो. २०२० साली महामारीने जग हादरले, तेव्हा घराघरांतील आजीने नातवाला हात धुवायला लावले. न दिसणाऱ्या शत्रूला मानण्याची जी सवय त्या वेळी कामी आली, तिच्यासाठी एका मितभाषी शल्यविशारदाला उभे आयुष्य वेचावे लागले होते. दुसऱ्या शास्त्राचे नियतकालिक उघडून चार लेख मन लावून वाचणे आणि आपल्या हातून गेलेल्यांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडणे, एवढ्यावर त्यांच्या कार्याचा आरंभ झाला. दरवर्षी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठून आपल्या घरी परतणारी असंख्य माणसे हेच जोसेफ लिस्टर यांचे चालतेबोलते स्मारक आहे.